बैल ट्रामनं खाली यायचे

"ह्याला नगं इचारू ट्रामचं. ह्यो झोपला हुता तवा."

आत्याआजी हे माझ्या कानात सांगत होती. पण तिचं कानात सांगणं रस्त्याच्या पलीकडे पोचतं. ज्यांच्याविषयी सांगणं चाललं होतं ते आबा पलीकडेच, आपल्या दारातल्या बाजेवर बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. पायातली चप्पल काढली, झटकली, परत घातली. चपलेत काहीच नव्हतं. मी बघत होते.

आम्ही दोघी नव्या बस थांब्यात बसलो होतो. थांबा तयार होता, एसटी अजून यायची होती. माळशिरसहून बरंच आत, डोंगराच्या कडेला असलेल्या आमच्या वस्तीला याआधी कुणी थांबा दिला नव्हता, त्यामुळे एसटी नसली तरी लोक हौसेनं तिथे येऊन थांबायचे. थांब्याची आतली भिंत कोरी होती. तिच्यावर काय असावं यावरून ग्रामपंचायतीत वाद झाला. कुणाला पुढाऱ्याचा फोटो हवा होता. कुणी 'झाडे लावा' सुचवलं, पण झाडं तोडायला जमलेल्या माणसांचीच ही वस्ती, तेव्हा ते जरा अवघड वाटलं. शेवटी माझ्या काकांनी, जे पंचायतीचे सदस्य आहेत, ठराव मांडला की भिंतीवर वस्तीचा इतिहास रंगवावा. आठ ओळी. आणि तो त्यांच्या पुतणीनं लिहावा.

"इंग्लिश मीडियमची हाय," काका म्हणाले. "तिच्याकडनं चूक व्हायची न्हाय."

मी सोलापुरात वाढले. शाळेत मराठीत बोललं की बाकावर उभं करायचे आणि घरी इंग्रजीत बोललं की आजोबा हसायचे, त्यामुळे मी लहानपणीच दोन्ही भाषांत गप्प बसायला शिकले. वस्तीवर यायचे ते सुट्टीपुरती. यंदा एक नोकरी सोडली होती आणि दुसरी सुरू व्हायला महिना होता, म्हणून जास्त दिवस राहिले. वस्तीत माझ्याविषयी दोन मतं आहेत. एक, पोरीला लई गर्व हाय. दोन, पोरीला कायतरी दुखतंय. दुसऱ्या मताचे लोक मला गूळ-शेंगदाणे देतात, म्हणून मी ते मत खोडून काढत नाही.

वही घेऊन घरोघर फिरायला लागले तर पहिल्या दिवशी तिघांनी रेशनकार्डावरची नावं दुरुस्त करायला सांगितली. एकीनं बोअरच्या अर्जाचं काय झालं विचारलं. इतिहास कुणी सांगेना. मग आत्याआजीनं मला ताब्यात घेतलं. आत्याआजी म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. दिलेली वस्तीतच, चार घरं पलीकडे, त्यामुळे तिला माहेर सोडल्याचं दुःख कधी झालं नाही आणि माहेरच्यांना ती गेल्याचं सुखही मिळालं नाही, असं काका म्हणतात. तिच्यासमोर म्हणत नाहीत.

तिच्याकडून आणि मग इतरांकडून जो इतिहास जमला तो असा.

वर माळावर तेव्हा बाभळीचं दाट रान होतं. लांबच्या गावचा एक ठेकेदार आला आणि त्यानं ते तोडायला घेतलं. जाड खोडं गाडीच्या चाकांना आणि नांगरांना, बारीक लाकूड गुऱ्हाळांना आणि वीटभट्ट्यांना. मेंढरं राखणारी आमची माणसं एका कोरड्या वर्षी मेंढरं विकून कुऱ्हाडी घेऊन त्याच्याकडे आली. झोपड्या पडल्या. खाली कालव्याच्या कडेला वखार झाली. रान वर, वखार खाली, मध्ये खडकाळ उतार. बैलगाड्यांची चाकं मोडायला लागली तेव्हा ठेकेदारानं कुठल्याशा बंद पडलेल्या खाणीतले जुने रूळ आणले आणि लाइन टाकली. रूळ मनगटाएवढे. डबे म्हणजे चार लोखंडी चाकांवर फळ्या. लोक तिला ट्राम म्हणायला लागले, कारण ठेकेदार म्हणायचा. खरी ट्राम कुणीच बघितली नव्हती.

"रिकामे डबे वर बैल वढायचे," आत्याआजी म्हणाली. "भरले की आपसूक खाली. उतारच हाय की."

"मग बैल खाली कसे यायचे?"

"ट्रामनं."

मी लिहायची थांबले. "बैल ट्राममध्ये बसायचे?"

"उभे ऱ्हायाचे. बसायला ते काय पावणे हायत?"

मला वाटलं ती माझी फिरकी घेतेय. पण चार घरांत विचारलं, चारही घरांत तेच. शेवटचा डबा बैलांचा. त्याला बाजूनं कठडा, आत थोडा कडबा. वर लाकूड भरायला सुरुवात झाली की जोडी आपोआप जाऊन डब्यात चढायची आणि तोंड दरीकडे करून उभी राहायची. माणसांनी मात्र चालत यायचं, असा ठेकेदाराचा नियम होता, कारण माणसाच्या वजनानं वेग वाढतो. बैलांच्या वजनाचं काय, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. एकदा नव्या नवरीला वरच्या वस्तीवरून त्या डब्यात बसवून आणलं. बैलांना चालत यावं लागलं. पुढचे दोन दिवस त्यांनी ट्राम ओढली नाही. जुवाखाली मान दिली, पण पाय उचलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नवरीच्या हातून त्यांना पोळी खायला घातली तेव्हा समेट झाला. ती नवरी आमची पणजी, आत्याआजीची वहिनी नव्हे, तिची आईच. हे मी दोनदा विचारून खात्री केली, कारण आमच्या घरात नाती सांगताना माणसं बदलतात.

आणि पुढच्या डब्यावर ब्रेकवाला. तोच एक माणूस ट्रामवर. त्याच्या हातात लांब दांडा. दांडा दाबला की बाभळीचा ठोकळा चाकावर घासायचा. लोखंडावर लाकूड घासलं की असा आवाज निघायचा की वस्तीत त्यावर दिवस चालायचा. पहिली किंकाळी ऐकू आली की चहा टाकायचा, दुसरीला तवा. जळक्या लाकडाचा वास आला की समजायचं, ट्राम चिंचेजवळ आली. घड्याळ वस्तीत एकच होतं आणि ते ठेकेदाराच्या कचेरीत बंद होतं.

शेवटचे ब्रेकवाले म्हणजे आबा. तेव्हा विशी-बाविशीचे.

ट्राम कशी संपली, हे मात्र मला कुणाला विचारावं लागलं नाही. ते प्रत्येकानं न विचारता सांगितलं आणि सगळ्यांनी एकाच शब्दांत सांगितलं, पाढे म्हणावेत तसं. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशीची सकाळ. चार डबे भरून ट्राम निघाली. आणि किंकाळी आलीच नाही. वासही आला नाही. ट्राम गुपचूप, सायकलसारखी, वाऱ्यासारखी खाली आली. चिंचेजवळ थोडी सपाटी आहे, तिथे बैलांनी डब्यातून उड्या मारल्या. पुढे ट्राम वखारीत शिरली, वखारीतून कचेरीत शिरली, कचेरीच्या मागच्या कुडातून बाहेर पडली आणि आबांसकट कालव्यात गेली. ठेकेदार बाहेर चहा पीत होता म्हणून वाचला. ट्राम पुन्हा चालू झाली नाही. ठेकेदार रूळ उपटून घेऊन गेला, त्यातला एक तुकडा आमच्या शाळेची घंटा आहे.

"बैल जागे हुते," काका हे सांगून नेहमी हसतात, "आन ब्रेकवाला झोपला हुता!"

"पाण्यात पडल्यावं जाग आली," आत्याआजी पुरवणी जोडते.

पुरावा असा की ब्रेक लावला असता तर आवाज आला असता. आवाज आला नाही. म्हणजे ब्रेक लावला नाही. म्हणजे झोपला होता. मला हा पुरावा बिनतोड वाटला. तेव्हापासून आबांना वस्तीत कुणी राखणीचं काम दिलं नाही. लग्नात कुणी पेंगलं तरी म्हणतात, आबा झाला. त्यांच्या नातवंडांनाही शाळेत म्हणायचे.

वहीची चार-पाच पानं भरली तेव्हा एका दुपारी आबा स्वतः थांब्यात आले. माझ्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. आम्ही दोघंही गप्प बसायला सरावलेली माणसं, त्यामुळे बराच वेळ छान गेला.

मग ते म्हणाले, "भितीवर लिवणार म्हनं तुमी."

मी मान हलवली.

"ह्या भितीवर."

पुन्हा मान.

त्यांनी रस्त्यापलीकडे आपल्या दाराकडे हात केला. बाज थेट भिंतीसमोर होती. "मला वाचता येत न्हाय. पर येणारा-जाणारा वाचून दाखवील की मला. रोज." त्यांनी हात खाली घेतला. "तेवढं लिव पोरी. ब्रेक लावला हुता म्हनून."

"मग आवाज का नाही आला?" मी विचारलं. मला एवढंच सुचलं.

"ठावं न्हाय. दाबला. दोनी हातांनी दाबला, वर बसलो दांड्यावं. निसतं घसरायलं. मी म्हनलं पावसानं भिजलं असंल. तर समदी हसली. पाऊस कुटं हुता?" ते आपल्या तळहातांकडे बघत होते. "इतकी वरसं समदी म्हनत्यात तर मलाबी कवाकवा वाटतंय. असंन झोपलो. झोपलेल्याला कुटं कळतं झोपल्यालं?"

मी वहीत 'आबा: ब्रेक लावला होता' असं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. त्यांना वाचता येत नाही याचं मला तेव्हा बरं वाटलं, आणि तसं वाटल्याचं वाईट वाटलं.

नंतर दोनच दिवसांनी आत्याआजीच्या चुलीपुढे बसले होते. ती भाकरी थापत होती. मला वस्तीचे सण हवे होते, एक ओळ भरायची होती. ती बेंदराचं सांगायला लागली. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. बैलांचे खांदे वर्षभर जुवाखाली घासलेले, त्यांना गरम पाण्यानं शेकायचं, तेल-हळद चोळायची, दुसऱ्या दिवशी जेवायचं आमंत्रण द्यायचं. हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

"मळणीला काडलेलं तेल उरलं तर घरात न्यायचं न्हाय," ती म्हणाली. "राबणाऱ्याच्याच अंगाला लावून संपवायचं. आमच्या वस्तीत तसंच हाय. त्या साली आमच्या घरचं तेल उरलं. चांगली वाटी भरून. करडईचं. बैल झाले, गाय झाली, आता कुनाला लावायचं? मी आपली परकरातली पोर. म्हनलं, ट्राम बी राबतीच की."

"ट्रामला तेल लावलं?"

"मग! तिचं बी खांदं घासत्यात. रोज वरडायची न्हवं का? दुखल्याबगार कोन वरडतं?"

"खांदे म्हणजे कुठे?"

तिनं परात उभी धरली आणि तिच्या कडेला उलथनं दाबलं. "हे चाक. हे लाकूड. हितं घासायचं, हितनंच आवाज. काळंठिक्कर पडल्यालं बिचारं. मी तितं चोळलं, जिरंस्तवर चोळलं. मग हळद. दुसऱ्या दिवशी सणाची सुट्टी, तवा जिरलं बी चांगलं." तिनं भाकरी उलटली. "आन तुला सांगते, गुन आला. तिसऱ्या दिवशी निघाली तर अजाबात वरडली न्हाय."

भाकरी टम्म फुगली. मी परातीकडे बघत राहिले.

"किती बरं वाटलं हुतं मला," आत्याआजी म्हणाली. "आन तेवढ्यात ह्यो मेला झोपला."

मी खूप वेळ तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती लबाडी करत नव्हती. लबाडी करताना ती डावी भुवई वर घेते, सगळ्या वस्तीला माहीत आहे. तिच्या डोक्यात या दोन गोष्टी दोन वेगळ्या घरात राहत होत्या आणि त्यांचं येणंजाणं नव्हतं. एक गोष्ट सणाची, दुसरी आबांची. ते लाकूड म्हणजेच ब्रेक, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्यासाठी तो खांदा होता.

सांगावं असं वाटलं. तोंड उघडलंही. तिनं त्यात भाकरीचा तुकडा ठेचा लावून घातला आणि विषय संपला.

त्यानंतरचे चार दिवस मी वाईट काढले. आमच्या घरात एक शिस्त आहे: घरातलं बाहेर बोलायचं नाही. मला ती कुणी शिकवावी लागली नाही, मी तशीही काही बाहेर बोलत नाही. शिवाय आत्याआजी ऐंशीला टेकलेली. तिच्या प्रेमानं चोळलेल्या वाटीभर तेलानं ट्राम बुडाली, ठेकेदाराची कचेरी फुटली, एका माणसाला जन्मभर झोपाळू ठरवलं, आणि त्याला सगळ्यात जास्त टोमणे तिनंच मारले, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? काकांना सांगून पाहिलं. म्हणजे, "काका, त्या ब्रेकचं..." एवढं म्हटलं. काका म्हणाले, "आठ ओळीत बसंल तेवढंच लिव."

मग मी एक युक्ती केली. मला ती त्या वेळी फार हुशारीची वाटली. सात ओळी सरळ लिहिल्या, रान, वखार, लाइन, बैलांचा डबा, आणि आठवी ओळ लिहिली: 'पुढे तांत्रिक कारणामुळे ट्राम बंद पडली.' यात खोटं काही नव्हतं. आबा झोपले होते असं नव्हतं, तेलही नव्हतं. कुणालाच काही लागणार नाही अशी ओळ. काका खूश झाले. "ह्याला म्हनत्यात इंग्लिश मीडियम," म्हणाले.

माळशिरसचा पेंटर रविवारी सकाळी आला. खडूनं रेघा आखल्या, निळा रंग ढवळला. त्याला लिहिताना मोठ्यानं वाचायची सवय होती, आणि अर्धी वस्ती थांब्यासमोर जमलेली, त्यामुळे इतिहास जसा रंगत होता तसा ऐकू येत होता. बैलांच्या ओळीला टाळ्या पडल्या. एकानं विचारलं, बैलांची नावं का न्हाईत? पेंटर म्हणाला, जागा न्हाय. पणजीचा उल्लेख नाही म्हणून आत्याआजी थोडी नाराज होती, पण तरी पुढच्या बाकावर, नवं लुगडं नेसून.

आबा बाजेवर नव्हते. आंघोळ करून, पांढरा सदरा, पटका बांधून ते भिंतीजवळ उभे होते, अगदी पेंटरच्या शिडीला हात लावून. प्रत्येक ओळ संपली की विचारायचे, "माझं आलं का?"

"कितव्या ओळीत हाय तुमचं?" पेंटर.

"शेवटाला असंल."

सात ओळी झाल्या. पेंटरनं माझ्या कागदाकडे पाहिलं, ब्रश बुडवला आणि वाचायला लागला. "पुढे. तांत्रिक. कारणामुळे..."

"तांत्रिक म्हंजे?" आबांनी विचारलं.

पेंटरनं माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं.

"तांत्रिक म्हंजे," मागून कुणीतरी म्हणालं, "तुमी झोपला हुता, पर शिकल्याल्या भाषेत."

सगळे हसले. काका हसले. आत्याआजी तर पदर तोंडाला लावून हसली. आबाही हसले, सगळ्यांबरोबर, जरा उशिरा. मग त्यांनी शिडीवरचा हात काढला आणि आपल्या बाजेकडे जायला वळले. त्यांना रस्ता ओलांडायला तसा वेळ लागतो.

पेंटर 'पुढे' लिहून थांबला होता. ओला निळा रंग 'ढे'च्या टोकाला जमून खाली ओघळायच्या बेतात होता. मी वही मिटली. तोंड उघडलं तेव्हा पहिल्यांदा नुसती हवा आली, आणि जवळच्या बाईनं वळून मला पाणी हवंय का विचारलं.

मग आवाज आला. वाटला त्यापेक्षा मोठा आला. आत्याआजीचं हसू पदरात तसंच राहिलं, आणि रस्त्याच्या मध्ये आबा थांबले.

"आबा झोपले नव्हते," मी म्हणाले. "त्यांनी ब्रेक लावला होता. ब्रेकच्या लाकडाला खांदेमळणीचं उरलेलं तेल लावलेलं होतं, आमच्या घरातलं, आमच्याच घरच्या हातानं, ट्रामला दुखू नये म्हणून. आठवी ओळ तशी लिहा."